चार मिनिटांच्या गाण्यात जे दाखवत नाहीत

मागच्या उन्हाळ्यात दादा छपरीत बाजेवर पडून मोबाईलवर सिनेमा पाहत होता. गोष्ट ठरलेली. नायकाचा अपघात होतो, मध्यंतराआधी पाय जातो, तो भिंतीवर ग्लास फेकतो, आई रडते आणि मग गाणं सुरू होतं. पहिल्या कडव्यात गडी पलंगावरून उठतो, दुसऱ्यात कुबड्या टाकतो, गाणं संपता संपता टेकडीवर पळत असतो. दादानं मोबाईल छातीवर पालथा ठेवला अन् म्हणाला, "गाण्यातच बरा झाला बे हा! मले तं नीट संडासले बसाले सहा महिने लागले."

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. वर्धा जिल्ह्यात सहा एकर कोरडवाहू. तीन वर्षांपूर्वी सोयाबीन काढताना त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. आज तो चालतो, गाडी चालवतो, धुऱ्यापर्यंत जाऊन येतो. मी डॉक्टर नाही. दवाखान्याच्या चकरा मारताना डॉक्टरांना, व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमना आणि पाय बनवणाऱ्या कारागिरांना विचारून विचारून जे समजलं ते इथं लिहितो आहे. त्या चार मिनिटांच्या गाण्यात खरं काय काय बसलेलं असतं, तेवढंच.

आधी तो दिवस. गंजी अर्धी झाली होती. ट्रॅक्टर आणि थ्रेशर यांना जोडणारा जो दांडा फिरतो, पीटीओचा शाफ्ट, तो ओलांडून दादा पलीकडे जात होता. रोज दहा वेळा ओलांडायचा. शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर कधीच तुटून पडलं होतं, आमच्या भागात बहुतेकांचं पडलेलंच असतं. हा दांडा मिनिटाला ५४० फेरे मारतो, म्हणजे सेकंदाला नऊ. पँटचा काठ अडकला आणि "बंद कर" म्हणायच्या आत कापड, पाय सगळं गुंडाळलं गेलं. माणसाचा पाय क्लचपर्यंत जायला जो वेळ लागतो तेवढ्यात दहा-पंधरा फेरे झालेले असतात.

अशा वेळी आधी मशीन बंद, मग स्वच्छ कापडानं जखमेवर जोरात दाब, आणि १०८ ला फोन. दाबूनही रक्त थांबत नसेल तर जखमेच्या वर, मांडीला, दुपट्टा काडी घालून पिळून बांधायचा, किती वाजता बांधला ते लक्षात ठेवायचं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सोडायचा नाही. आमच्याकडे कुणीतरी हळद आणायला पळालं होतं. हळद, माती, साखर काही टाकू नका. बोट किंवा हात साफ तुटून वेगळा झाला असेल तर तो ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून, पिशवीत बंद करून, ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. थेट बर्फावर ठेवला तर मांस गोठून खराब होतं.

दादाचा पाय वेगळा झाला नव्हता, चेचला गेला होता. रक्त मिळालं नाही तर स्नायू साधारण सहा तास तग धरतात. पण इथं रक्तवाहिन्या, हाडं, मांस सगळ्याचाच भुगा झाला होता, शिवाय कुटार आणि माती आत गेलेली. रात्री डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "गुडघा वाचला." मोठी माय त्यांच्यावर तडकली. पोराचा पाय कापला अन् हा माणूस गुडघ्याची बातमी देतो!

बातमी खरंच मोठी होती, ते आम्हाला फार नंतर कळलं. गुडघ्याखाली पाय गेलेल्या माणसाला खोट्या पायानं चालताना आपल्यापेक्षा साधारण चौथा हिस्सा जास्त ताकद लागते. गुडघ्याच्या वर गेला असेल तर दीडपटीहून जास्त. आपला गुडघा स्वतः वाकतो, स्वतः अडतो, खड्ड्यात पाय गेला की सावरतो. हे काम करणारं यंत्र बनवणं महागाचं, आणि नांगरलेल्या वावरात तर ते फारसं साथ देत नाही. म्हणून सर्जन एक-एक इंचासाठी झटतात.

उशीची गोष्ट

आता गाण्याचं पहिलं कडवं. यात नायक खिडकीतून बाहेर पाहतो. खऱ्या आयुष्यात या दिवसांत एक लढाई उशीवरून होते.

मोठी माय रात्रंदिवस उशाशी बसलेली. पोराच्या कापलेल्या पायाला टोचू नये म्हणून तिनं गुडघ्याखाली मऊ उशी सरकवली. दादाला बरं वाटलं. सकाळी व्यायामवाल्या मॅडम आल्या, काही न बोलता उशी ओढून घेतली आणि पलीकडच्या खाटेवर टाकली. त्या गेल्या की मोठी माय ती परत लावायची. असं तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी मॅडमनी तिला स्वतःच्या कोपराची घडी घालायला लावली आणि म्हणाल्या, "आता महिनाभर हात असाच ठेवा, मग सरळ करून दाखवा."

मोठ्या मायला तेव्हा पटलं. गुडघा वाकलेला राहिला की मागचे स्नायू आखडून आखूड होतात आणि मग तो पूर्ण सरळ होत नाही. सरळ न होणाऱ्या गुडघ्यावर खोटा पाय नीट बसत नाही. ऑपरेशन उत्तम झालेलं, पाय बनवणारा उत्तम, आणि मायेनं लावलेल्या उशीपायी माणूस कुबड्यांवरच राहतो. खुर्चीत बसतानाही पाय लोंबकळत ठेवायचा नाही, समोर फळीवर सरळ ठेवायचा. दिवसातून दोन-तीनदा पालथं झोपायचं, म्हणजे कंबरेचा सांधाही पुढं वाकून अडकत नाही. हे कुठल्या सिनेमात पाहिलंय? पालथा झोपलेला नायक?

दुसरं काम पट्टीचं. उरलेल्या पायाला सगळे स्टंप म्हणतात, दादाही तेच म्हणतो. ऑपरेशननंतर तो सुजून गोल गरगरीत होतो. त्याला निमुळता आकार यावा म्हणून इलॅस्टिकची पट्टी बांधतात, आठाच्या आकड्यासारखी तिरपी. टोकाला घट्ट आणि वर येता येता सैल. उलट झालं, म्हणजे वर घट्ट आणि खाली सैल, तर टोक फुग्यासारखं सुजतं. दर चार-सहा तासांनी सोडून पुन्हा बांधायची. वहिनीनं हे शिकून घेतलं. पहिल्या आठवड्यात तिचे हात थरथरायचे, नंतर ती कणीक मळता मळता मधेच उठून पट्टी बांधून जायची.

नसलेल्या पायाची खाज

दुसऱ्या महिन्यात दादा रात्री ओरडून उठायला लागला. म्हणे, डाव्या पायाची बोटं आखडून रायली, अंगठा तळव्यात रुतून रायला. कुठला अंगठा? चादरीखाली सपाट. घरातले घाबरले. गावातल्या एका आजोबांनी निदान केलं, "पाय वाकडा पुरला असन, उकरून सरळ करा."

दादाचं डोकं फिरलेलं नव्हतं. पाय गेलेल्या बहुतेकांना तो पाय आहे असं वाटतं आणि निम्म्याहून जास्त लोकांना तो दुखतोही. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या जखमी सैनिकांवर उपचार करणाऱ्या सायलस वेअर मिचेल या डॉक्टरनं १८७१ मध्ये याला 'फँटम' म्हटलं, म्हणजे भुताचा पाय. दादाला हे नाव आवडलं. भूत म्हटलं की गावात सगळ्यांना कळतं.

कारण असं आहे. मेंदूत आपल्या सगळ्या शरीराचा नकाशा असतो. बोटांचा भाग कुठला, घोट्याचा कुठला, सगळं ठरलेलं. धरणात बुडालेल्या शेताचं उदाहरण घ्या. जमीन पाण्याखाली गेली, पण तलाठ्याच्या दप्तरात गट नंबर तसाच, नाव तसंच. त्या नावानं नोटीस निघतच राहते. पाय गेला तरी मेंदूतलं त्याचं खातं बंद होत नाही. शिवाय कापलेल्या नसांची टोकं स्टंपमध्ये वेडीवाकडी वाढतात आणि दाबली गेली की खोटे निरोप वर पाठवतात. मेंदू म्हणतो बोटं सोड, पण सुटल्याचं डोळ्यांना दिसत नाही, कातडीला कळत नाही, म्हणून तो पुन्हा पुन्हा हुकूम सोडत राहतो.

यावर एक अगदी स्वस्त उपाय आहे. तमिळनाडूत जन्मलेले आणि पुढं अमेरिकेत काम करणारे डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात तो पुढं आणला. लागतो एक आरसा. आमच्याकडे वहिनीच्या आंदणात आलेल्या ड्रेसिंग टेबलाचा आरसा दोन स्क्रू काढून सोडवला. दादाला भिंतीला टेकवून बसवलं, आरसा दोन्ही पायांच्या मधे उभा धरला. स्टंप आरशामागे, उजवा पाय आरशासमोर. आरशात पाहिलं की दोन्ही पाय दिसतात. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे तो उजव्या पायाची बोटं हळू आवळायचा, हळू सोडायचा, नजर आरशातल्या पायावर.

पहिल्या दिवशी तो पाहून रडलाच. वहिनी आरसा धरून होती, ती भिंतीकडे पाहत राहिली. दहाव्या-बाराव्या दिवशी म्हणाला, "सुटला बे. अंगठा सुटला." रोज पंधरा मिनिटं, दीड महिना. सगळ्यांना याचा गुण येतो असं नाही, काहींना अजिबात येत नाही. नसांच्या दुखण्याची वेगळी औषधं असतात, ती डॉक्टरच देतात. साधी अंगदुखीची गोळी इथं फारशी चालत नाही, ती मूठभर खाऊन पोट खराब करू नका. दादाला आजही कधी कधी थंडीत मध्यरात्री भूत भेटायला येतं. तो स्टंपवर हळूहळू चापट्या मारत बसतो आणि झोपतो.

रबराचा पाय

पाय बसवणारा एक सिनेमा मात्र मी मानतो, 'नाचे मयूरी', १९८६ चा. त्यात सुधा चंद्रन स्वतःचीच गोष्ट करतात. १९८१ मध्ये तमिळनाडूत बसच्या अपघातानंतर त्यांचा उजवा पाय काढावा लागला आणि १९८४ मध्ये त्या पुन्हा स्टेजवर नाचल्या. मधे गेली जवळजवळ तीन वर्षं. आणि त्यांच्या पायात होता जयपूर फूट.

हा पाय आपल्यासारख्या लोकांसाठीच बनला आहे. त्याआधीचे परदेशी धर्तीचे पाय बूट घालून सपाट फरशीवर चालण्यासाठी होते. आपण उकिडवे बसतो, मांडी घालून जेवतो, अनवाणी वावरात जातो. त्या पायांची टाच-चवडा वाकायचाच नाही. १९६८ च्या सुमारास जयपूरमध्ये डॉ. प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा या कारागिरानं रबराचा पाय तयार केला. शर्माजींना ती युक्ती टायर रिमोल्ड करणाऱ्याच्या दुकानात सुचली असं सांगतात. हा पाय घोट्यात सगळ्या बाजूंना थोडा वळतो, पाण्यानं कुजत नाही, दिसायला बोटांसकट माणसाचा. डॉ. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कारागिराचं नाव त्या मानानं कमी घेतलं जातं, हे मला खटकतं. जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५ पासून असे पाय फुकट बसवते, गावोगावी शिबिरंही घेते. पोटरीच्या जागी जो नळा असतो तो एचडीपीईचा, म्हणजे आपण स्प्रिंकलरला वापरतो त्याच जातीच्या पाइपचा. दादानं तो ठोकून पाहिला आणि म्हणाला, "आपल्या वावरात याचे तीस नग पडले हाय."

लोकांना वाटतं कापलेलं टोक खोट्या पायात टेकतं आणि त्यावर वजन येतं. तसं केलं तर दोन दिवसांत जखम होईल. डोक्यावर हंडा घेताना खाली चुंबळ असते ना? हंड्याचं वजन टाळूच्या एका बिंदूवर न येता चुंबळीवर पसरतं. तसंच या पायाच्या वाटीचं, जिला सॉकेट म्हणतात. प्लास्टर लावून स्टंपचा साचा घेतात आणि वाटी अशी घडवतात की भार गुडघ्याच्या वाटीखालच्या जाड शिरेवर आणि बाजूच्या सहन करणाऱ्या मांसावर जावा. टोक जवळजवळ मोकळं राहतं.

गंमत अशी की स्टंप पहिलं वर्षभर बारीक होत राहतो. साचा घेतला त्या मापाची वाटी चार महिन्यांनी सैल होते. मग आत एक मोजा, मग दोन, मग तीन. तीन मोज्यांनंतरही पाय आत खुळखुळायला लागला की नवी वाटी. "पाय बसवला पण सूट झाला नाही" म्हणून किती तरी पाय आमच्या भागात माळ्यावर पडून आहेत. त्यातले बरेचसे फक्त सैल झालेले असतात. मापाला पुन्हा जायला एसटीचं भाडं, एक दिवसाची मजुरी आणि सोबत एक माणूस लागतो, म्हणून कुणी जात नाही.

चालायला शिकताना दोन दांड्यांच्या मधे आठवडे जातात. पायरीचा नियम सोपा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना खोटा आधी. उन्हाळा ही वेगळी परीक्षा. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो, वाटीत घाम साचतो, कातडी भिजते, सोलवटते. म्हणून रोज रात्री पाय काढून स्टंप साबणानं धुवायचा, कोरडा करायचा, आरसा धरून खालून पाहायचा. लाल डाग दहा-पंधरा मिनिटांत गेला नाही तर दुसऱ्या दिवशी पाय घालायचा नाही. तेल लावायचं नाही, कातडी मऊ पडते. ड्रेसिंग टेबलाचा आरसा आमच्याकडे अजून टेबलावर परत बसलेला नाही.

आणि संडास. दादाचं सगळ्यात मोठं दुःख चालता न येणं नव्हतं, दुसऱ्यानं धरून बसवणं होतं. चाळिशीतल्या माणसाला आईनं संडासला नेणं. मेडिकलमध्ये मिळणारी कमोडची खुर्ची आम्ही दुसऱ्या महिन्यात आणली. ती पहिल्या दिवशीच आणायला हवी होती. मग भिंतीला एक लोखंडी पाइप ठोकला, सहाव्या महिन्यात तो पाइप धरून खोट्या पायानं दादा पहिल्यांदा एकटा आत गेला, कडी लावली. बाहेर आम्ही सगळे उगाच उभे. आतून आवाज आला, "जा ना बे, कायले उभे रायले!"

कागद

कंटाळवाणा भाग, पण सिनेमात नसतो म्हणूनच लिहितो. शेतकऱ्यासाठी राज्याची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. एक हात, पाय किंवा डोळा गेला तर १ लाख, दोन गेले किंवा मृत्यू झाला तर २ लाख. सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी आणि त्याच्या घरातला आणखी एक जण, वय १० ते ७५. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, आणि लगेच. दुसरी, बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापून मिळणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. एक पाय गेला तर १ लाख. तिचं वर्ष १ जून ते ३१ मे. हप्ता कापला जातो मे अखेरीस, नेमका त्याच वेळी आपण बियाण्यासाठी खातं कोरडं केलेलं असतं. दादाच्या खात्यात त्या आठवड्यात ११ रुपये होते. विमा बंद पडला, ऑक्टोबरमध्ये पाय गेला. त्यानंतर आमच्या घरात मेच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्यांच्या खात्यात शंभर रुपये आहेत का ते मी पाहतो.

दिव्यांगाचं कार्ड, म्हणजे यूडीआयडी, ४० टक्क्यांपासून पुढं बहुतेक सवलतींसाठी धरतात. गुडघ्याखालचा पाय गेलेला माणूस त्यात बसतो. त्यावर एसटीत ७५ टक्के सूट. ग्रामपंचायतीनंही स्वतःच्या उत्पन्नाचा ५ टक्के पैसा दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. ग्रामसभेत याचा हिशेब मागा. आमच्या गावात दादानं मागितला तेव्हा लोक आधी दादाकडे आणि मग सरपंचाकडे पाहत राहिले.

ग्लास न फोडणारा राग

सिनेमातला नायक वस्तू फेकतो. दादानं काही फेकलं नाही. तो गप्प झाला. पानठेल्यावर जाणं सोडलं, पोळ्याला बैल सजवायला उठला नाही, संध्याकाळी दारू सुरू झाली. एकदा वहिनीला म्हणाला, "मले कायले वाचवलं." हे वाक्य कुणी बोललं तर "असं बोलू नाही" म्हणून विषय मिटवू नका, जवळ बसा, विचारा. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. फोन वहिनीनं लावला, दादानं नाही. तिकडून सांगितल्यावर आम्ही त्याला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं, सहा महिने गोळ्या चालल्या. पाय गेल्याचं दुःख हे घरात माणूस गेल्यासारखंच असतं, त्याला तेवढा वेळ लागतो, आणि काहींच्या बाबतीत त्याचा आजार होतो. आजाराला औषध असतं.

कामाचं म्हणाल तर ट्रॅक्टर सुटला. क्लच डाव्या पायाला असतो आणि रबराच्या पायाला तो किती दाबला ते कळत नाही. दोनदा ट्रॅक्टर उडी मारून बंद पडला, तिसऱ्यांदा त्यानं किल्ली पुतण्याकडे दिली. पावसात काळी माती पायाला चिकटून जड होते, चिखलातून उचलताना पाय वाटीतून निसटतो, म्हणून मांडीला पट्टा बांधावा लागतो. डवरणी आता तो मजुरीनं करून घेतो, पण फवारणी कधी आणि कशाची हे तोच ठरवतो, आणि तुरीवर अळी दिसली की शेजारचे अजूनही त्याच्याकडेच पान खुडून घेऊन येतात.

मागच्या पावसाळ्यात रबराच्या पायाला अंगठ्याजवळ चीर गेली. दादा जयपूरवाल्यांच्या शिबिराची वाट पाहत बसला नाही. गेला स्टॅंडवरच्या पंक्चरवाल्याकडे, पाय काढून काउंटरवर ठेवला. पोरगा आधी मागं सरकला, मग त्यानं कानस मारली, सोल्युशन लावलं, ठिगळ चिकटवून दाबून धरलं. वीस रुपये घेतले. नंतर शिबिरात कारागिरानं ते ठिगळ पाहिलं आणि दादाला चांगलंच झापलं, असा उद्योग पुन्हा करायचा नाही म्हणून. मग पाय उलटा करून बराच वेळ पाहत राहिला आणि विचारलं, "कुठं केलं हे? बरं बसवलंय."